जर्मनीत रुळताना: नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. पुणे-चाकणचा वाहनउद्योग आणि श्टुटगार्टच्या भागातले कारखाने यांचंही नातं जुनं. त्यामुळे इथे मराठी माणूस भेटणं आता नवलाचं राहिलेलं नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे ते बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासाठी करार झाला, तेव्हापासून तर चौकशीचे फोन वाढलेच आहेत. व्हिसा कसा मिळतो हे बरेच जण सांगतात. इथे पोहोचल्यावर पहिल्या वर्षात मनात जे उठतं, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पुढचे प्रश्न त्याविषयीचे आहेत. कायद्याच्या गोष्टी ओघात आल्या आहेत. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी आपल्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात खात्री करून घ्या.

‘मनाची तयारी ठेवून या’ असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

मी एकच गोष्ट सांगते: ‘दोन वर्षांनी बघू’ हे वाक्य घराबाहेर ठेवून या.

परत जायचं की राहायचं, हे पहिल्या दिवशी ठरवायची गरज नाही. अनेकांचं ते दहा वर्षांनीही ठरलेलं नसतं. पण ते ठरलेलं नाही म्हणून आजचं जगणं थांबवून ठेवायचं, यातून फार नुकसान होतं. मी अशी कितीतरी घरं पाहिली आहेत. गादी जमिनीवर, खिडकीला पडदा नाही, कारण ‘कशाला खर्च, जायचंच आहे’. भाषेचा वर्ग लावलेला नाही, कारण प्रोजेक्ट दोनच वर्षांचा. दात दुखतोय, तरी डिसेंबरात पुण्याला गेल्यावर दाखवू म्हणून गोळीवर दिवस काढणं चालू. सायकल घेतलेली नाही, शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. आणि दोन वर्षांची पाच कधी होतात ते कळत नाही. मग माणूस म्हणतो, या देशाने मला कधी आपलं मानलंच नाही. ते म्हणणं खरंही असेल, पण मधल्या काळात आपणही या गावाला कधी आपलं मानलेलं नसतं.

म्हणून पडदे लावा. दातांच्या डॉक्टरची वेळ इथेच घ्या. कढीपत्त्याचं रोप कुंडीत लावून खिडकीशी ठेवा. उद्या परत जायचं ठरलं तरी यातलं काही वाया जात नाही.

ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालतं. मग जर्मन शिकलंच पाहिजे का?

हो. नोकरीसाठी लागत नसेल तरीही.

कागदावरचा फायदा आधी सांगते. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर असाल आणि जर्मन बी-१ म्हणजे मध्यम पातळीचं येत असेल, तर कायम वास्तव्याचा परवाना २१ महिन्यांनी मागता येतो. ए-१ या अगदी प्राथमिक पातळीवर थांबलात तर २७ महिन्यांनी. पण मला खरी काळजी वाटते ती कागदाबाहेरच्या गोष्टींची. मीटिंग इंग्रजीत होते, जेवणाच्या टेबलावर मात्र लोक जर्मनकडे वळतात. कोण कशावर नाराज आहे, कुठली जागा रिकामी होणार आहे, कुणाच्या घरी काय घडलं, हे सगळं त्या टेबलावर कळतं. तुम्ही डबा घेऊन आपल्या जागेवर बसलात की या सगळ्याला मुकता. घरमालकाचं पत्र, शाळेची सूचना, विमा कंपनीचा नकार, हेही जर्मनमध्येच येतं. दर वेळी भाषांतराच्या ॲपवर विसंबून राहायचं म्हणजे आपल्याच आयुष्यातल्या गोष्टी दुसऱ्याकडून ऐकायच्या.

भारतातूनच सुरुवात करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. इथे आल्यावर तुमच्या गावातलं फोक्सहोखशूले शोधा. प्रौढांसाठीच्या या शिक्षण केंद्रांत फी परवडते आणि वर्गात सीरियापासून ब्राझीलपर्यंतचे लोक भेटतात. पहिल्या ओळखी बहुतेकांच्या तिथेच होतात.

आपल्याला अडवते ती लाज. पस्तिशीतला, दहा जणांची टीम सांभाळणारा माणूस बेकरीत उभा राहून दोन पाव मागताना अडखळतो, मागे रांग वाढते आणि तो इंग्रजीवर येतो. चूक बोला, पण बोला. समोरचा मदतीच्या भावनेने इंग्रजीत बोलू लागला, तर हसून म्हणा, ‘बिटं आउफ डॉइच, इख लेर्नं नोख’, म्हणजे मी अजून शिकतेय, जर्मनमध्येच बोला ना. बहुतेक लोक मग आपला वेग कमी करतात. श्टुटगार्टच्या बाजूला मात्र श्वेबिश बोलीची तयारी ठेवा. वर्गात शिकलेलं जर्मन आणि भाजीवाल्या आजींचं जर्मन यांत मराठवाडा आणि सदाशिव पेठ यांच्याइतकं अंतर आहे.

शेजारी साधं हसतही नाहीत. लोक इतके कोरडे का?

कोरडे नाहीत, पण पुढाकार तुमच्याकडून हवा असतो. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते. इथे नव्याने आलेल्याने दार वाजवून ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलोय’ असं सांगायची पद्धत आहे. कोणी आपली चौकशी करेल म्हणून तुम्ही वाट पाहत बसता आणि समोरचे म्हणतात, हे लोक ओळखसुद्धा करून देत नाहीत.

दुसरं म्हणजे इथे शेजारधर्म बोलण्यापेक्षा वागण्यातून मोजला जातो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर ड्रिल, हातोडा, मोठा आवाज बंद. रात्री साडेदहाला इडलीचं पीठ वाटायला घेतलं तर खालच्यांना खरंच त्रास होतो. कचरा कागद, जैविक, पॅकिंग, काच असा वेगळा करायचा. आमच्या भागात केरवोखं असते: आठवड्याच्या पाळीने जिना आणि दारासमोरची फरशी झाडायची. पाळी आली की दाराला पाटी लटकते. अनेकांना हे कमीपणाचं वाटतं. मला तर वाटतं, शेजाऱ्यांच्या विश्वासात शिरायचा याहून सोपा मार्ग नाही. तुम्ही जिना नीट झाडलात, की पुढच्या वेळी तुमचं पार्सल शेजारी आपणहून घेऊन ठेवतात.

मैत्रीला मात्र वेळ लागतो. ती फेरआइनमधून होते. फेरआइन म्हणजे नोंदणीकृत हौशी मंडळ: बॅडमिंटनचं, गाण्याचं, डोंगर भटकंतीचं, अगदी स्वयंसेवी अग्निशमन दलाचंसुद्धा. तिथे दर मंगळवारी न चुकता जायचं. पहिले काही महिने फक्त आल्यावर ‘हालो’ आणि निघताना ‘च्युस’ होईल. मग एक दिवस कोणीतरी वाढदिवसाला बोलावेल. जाताना लक्षात ठेवा, वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका, इथे तो अपशकुन मानतात. आणि ऑफिसात तुमचा वाढदिवस असेल तर केक तुम्हीच न्यायचा.

मग फक्त मराठी मित्रांत राहणं चूक आहे का?

मुळीच नाही. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात, दिवाळी पहाट होते. पहिल्या वर्षी आधार लागतो आणि तो आपल्या भाषेतच मिळतो. फक्त एक दार बाहेरच्या बाजूलाही उघडं ठेवा. शनिवार-रविवार सगळे मराठी घरांत आणि सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, असं झालं तर तुम्ही जर्मनीत राहता हे तुम्हाला फक्त थंडीवरून कळेल.

साहेबांनी सगळ्यांसमोर ‘हा आराखडा चुकीचा आहे’ असं सांगितलं. माझी पत संपली का?

बहुधा नाही. आराखडा चुकीचा म्हणजे आराखडाच चुकीचा, तुमच्याबद्दल त्यात काही नसतं. तासाभराने तेच साहेब तुम्हाला कॉफी विचारतील. आपल्याकडे मान राखून, आडून बोलायची सवय असते, म्हणून हे सरळ बोलणं अंगावर येतं. पहिले काही महिने रात्री अंथरुणात ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येईल, तेवढा काळ जाऊ द्या.

उलट बाजूने आपल्या ‘हो, करतो’चा त्यांना त्रास होतो. शुक्रवारपर्यंत जमणार नाही हे सोमवारी सांगितलं तर कोणी रागावत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं, तर विश्वास तुटतो आणि तो पुन्हा जोडायला फार वेळ लागतो. उशिरापर्यंत बसणं हेही निष्ठेचं लक्षण मानत नाहीत, नियोजन जमलेलं नाही असं मानतात. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा आहे, बऱ्याच कंपन्या तीसच्या आसपास देतात. ती घ्या. आजारी असाल तर घरी राहा, नियमित नोकरीत सहा आठवड्यांपर्यंत पगार चालू राहतो. शिंकत कामावर आलात तर सहकारी वैतागतील. पहिल्या महिन्यात हे हक्क वापरताना अपराधी वाटतं, कारण आपण वेगळ्या वातावरणात वाढलो. पण तुम्ही फुकट काही घेत नाही, पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमेकडे एकदा नीट बघा.

माझ्या नोकरीमुळे बायको (किंवा नवरा) इथे आली. ती दिवसेंदिवस गप्प होत चाललीय. काय करू?

मला सगळ्यात जास्त कळकळ याच प्रश्नाची आहे.

जो नोकरीवर येतो त्याला पहिल्याच दिवशी ओळखपत्र, डेस्क, सहकारी, पगार मिळतो. जी सोबत येते तिच्याकडून त्याच दिवशी हे सगळं गेलेलं असतं. कोल्हापुरात ती शिक्षिका होती, किंवा ठाण्यात तिचं क्लिनिक होतं. इथे ती ‘अमक्याची बायको’. कागदावर अडचण कमी आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कुठलीही नोकरी करता येते. पण ही सवलतच कित्येकांना अडकवते. परीक्षा नाही म्हणून भाषा राहून जाते आणि भाषेशिवाय शाळा, दवाखाना, न्यायालय, कुठलंच दार उघडत नाही. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना पदवीची इथे मान्यता मिळवावी लागते. त्याला वेळ लागतो आणि जर्मनची वरची पातळी लागते. मान्यतेचा अर्ज भारतातून निघण्याआधीच सुरू करता येतो. आधी नोकरी, मग घर, मग तिचं बघू, असा क्रम लावू नका.

मी जोडप्यांना काही गोष्टी ठामपणे सांगते. पहिल्या वर्षी नव्या गाडीच्या आधी तिच्या जर्मन वर्गाचे पैसे बाजूला काढा, आणि बाळ असेल तर वर्गाच्या वेळात ते कोण सांभाळणार हे ठरवा. भाडेकरारावर दोघांची सही, बँकेत तिचं स्वतःचं खातं, पत्रपेटीवर दोन्ही आडनावं. इथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, त्यामुळे ती पाटी खरोखर महत्त्वाची. डॉक्टरच्या वेळा, शाळेच्या सभा, नगरपालिकेची कामं तिची तिने करावीत, सुरुवातीला तोडकंमोडकं बोलत का होईना. ‘मी बोलतो, तू राहू दे’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य तिला आणखी मागे ढकलतं.

नोकरी करणाऱ्या बायकोसोबत आलेल्या नवऱ्यांची अवस्था याहून अवघड असते, कारण ते कोणाशी बोलतसुद्धा नाहीत. दोन्हीकडचे नातेवाईक फोनवर विचारत राहतात, ‘मग तुझं काय चाललंय?’ अशा वेळी उत्तर देण्याची जबाबदारी कमावत्या जोडीदाराने उचलावी.

हिवाळा खरंच इतका वाईट असतो का?

थंडीचं काही नाही, कपडे मिळतात. अंधार जड जातो. डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो. दक्षिणेत थोडंसं बरं. आपण वर्षभर उन्हात वाढलेली माणसं, आपल्या शरीराला हे माहीत नसतं. नोव्हेंबरात झोप वाढते, चिडचिड होते, कारण नसताना रडू येतं, आणि आपण समजतो की इथे येण्याचा निर्णयच चुकला. म्हणून माझा आग्रह असतो की परत जाण्यासारखे मोठे निर्णय जानेवारीत घेऊ नका, मे उजाडू द्या.

दुपारच्या सुट्टीत ढग असले तरी बाहेर चाला. ड जीवनसत्त्वाबद्दल आपल्या हाउसआर्त्स्टला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला विचारा. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तेही त्यांनाच सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. थेरपिस्टची वेळ मिळायला अनेकदा महिने लागतात, म्हणून लवकर बोला. टेलिफोनझेलझोर्गं ही सेवा ०८०० १११०१११ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, नाव न विचारता ऐकून घेते. जिवाला धोका वाटला तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावा.

मुलं जर्मनमध्येच उत्तरं देतात. मराठी जाणार का?

तुम्ही सोडली तर जाईल. कीतामध्ये म्हणजे पाळणाघर-बालवाडीत गेलेलं मूल काही महिन्यांत जर्मन बोलायला लागतं, त्याची चिंता नको. तुम्ही मात्र घरी मराठीच बोला. ते जर्मनमध्ये उत्तर देईल, तरी तुम्ही मराठीतच पुढे चला. घरात मोडकं जर्मन बोलून तुम्ही त्याला ना चांगलं जर्मन देता, ना मराठी.

शाळेबाबत दोन गोष्टी. शाळा सक्तीची आहे, घरी शिकवण्याची सोय नाही. स्वस्त तिकिटासाठी सुट्टी लागण्याआधीच मुलांना भारतात नेलं, तर दंड होऊ शकतो. आणि बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा मिळाली नाही म्हणून काही घरांत सुतक पाळल्यासारखं वातावरण असतं. ते मुलाला कळतं. दुसऱ्या वाटेनेही पुढे विद्यापीठापर्यंत जाता येतं, आणि इथे कुशल कारागिराला मान आणि पैसा दोन्ही आहे.

अजून एक: मुलांना दुभाषी करू नका. आठ वर्षांची मुलगी आईच्या आजाराबद्दल डॉक्टरशी बोलतेय, हे दृश्य मला सहन होत नाही. तेवढ्यासाठी तरी आपण भाषा शिकावी.

वंशभेदाचा अनुभव येतो का? आला तर?

येतो. घर शोधताना जास्त, कारण आडनाव वाचूनच काही जण उत्तर देत नाहीत. ट्रेनमध्ये कोणी काही बोलून जातं. हे घडत नाही असं सांगणारे तुमची फसवणूक करतात. त्याच वेळी कार्यालयातला खडूस कारकून जर्मन माणसाशीही तितकाच खडूस असतो, हेही खरं. दोन्हींतला फरक कळायला काही काळ इथे राहावं लागतं, तोपर्यंत घाईने निष्कर्ष काढू नका आणि गिळूनही टाकू नका.

नोकरीत किंवा घर मिळवताना भेदभाव झाला, तर २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे. दावा साधारण दोन महिन्यांच्या आत लेखी मांडावा लागतो, म्हणून तारीख, वेळ, ईमेल लगेच जपून ठेवा. जर्मन केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय मोफत सल्ला देतं.

आणि आपल्याच गटांमध्ये ‘आम्ही कर भरणारे, ते निर्वासित’ अशी भाषा चालते, ती मला टोचते. रस्त्यावर द्वेषाने बोलणारा माणूस तुमचं ब्लू कार्ड तपासून बोलत नाही.

आई-वडिलांना तिकडे ठेवून आल्याची टोचणी जात नाही.

पूर्णपणे जाणार नाही. ती असणं साहजिक आहे.

काय करता येतं ते सांगते. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा, म्हणजे अमेरिकेतल्या भावंडांपेक्षा आपण सुदैवी. जेवताना रोज दहा मिनिटं बोलता येतं. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर, आई-वडील १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतात. त्यांना जूनमध्ये बोलवा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. १ मार्च २०२४ पासून ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला, त्यांना आई-वडिलांना कायमचं आणण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यांच्या आरोग्य विम्याची सोय करणं हीच मोठी अडचण ठरते.

तातडीच्या विमानाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. गावातले डॉक्टर, शेजारी, बँकेची कागदपत्रं यांची यादी भावंडांसोबत मिळून करा. भाऊ-बहीण तिथे राहून सगळं करत असतील, तर पैसे पाठवले म्हणजे हिशेब मिटला असं समजू नका. वर्षातून एकदा त्यांना आठवडाभर मोकळं करून तुम्ही तिथे राहा. रुग्णालयात बसा, औषधं आणा, रात्री उठा.

जर्मन नागरिकत्व घेतलं तर भारताशी नातं तुटेल का?

२०२४ च्या कायद्यानुसार साधारण पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं. भारताला चालत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. नंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड मिळतं. त्यावर येणं-जाणं, राहणं होतं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. सातबाऱ्याशी जीव गुंतलेला असेल, तर हे घरच्यांशी आधी बोलून घ्या. काही जण त्या दिवशी रडतात, काहींना मोकळं वाटतं. घरात कोणालाही त्यावरून बोल लावू नका.

आणि परत जायचं ठरलं तर ते अपयश मानायचं का?

नाही. आई आजारी पडते, कोणाचं मन रमत नाही, कोणाला पुण्यात चांगली संधी मिळते. पण कशापासून पळून निघालोय की कशाकडे चाललोय, हे दोघांनी एकमेकांना स्पष्ट विचारा. आणि शक्य असेल तर एकदम सगळं गुंडाळू नका. ब्लू कार्डधारक साधारण बारा महिने जर्मनीबाहेर राहू शकतो, इतर परवान्यांना बहुधा सहाच महिने. जाण्याआधी कार्यालयाकडून ते लेखी घ्या.

निघताना कंपनीकडून आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं सविस्तर प्रमाणपत्र मागून घ्या. पेन्शन विम्याचा क्रमांक आणि भरणा केल्याची पत्रं जपा. पाच वर्षांचा भरणा झाला असेल, तर म्हातारपणी त्यातून काही मिळू शकतं. मुलांचे शाळेचे दाखले भाषांतर करून ठेवा. नगरपालिकेत नाव कमी करण्याची नोंद करा, त्याशिवाय विमा आणि रेडिओ-टीव्हीचं शुल्क मागे लागतं. घराची अनामत परत मिळायला काही महिने जातात, म्हणून एखादं जर्मन खातं तोवर चालू राहू द्या. आणि शेजाऱ्यांना दार वाजवून सांगून जा, आलात तेव्हा सांगितलं होतं तसं.